कालव्याकाठचा ट्रेझर हंट : लिटल व्हेनिस ते कॅमडन (कोडी हवीत, मदत करा)

पाऊसवेडी | ४ मे, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी, लंडनमध्ये आमचा आठ-दहा मराठी कुटुंबांचा एक ग्रुप आहे, दर उन्हाळ्यात मुलांना घेऊन कुठेतरी चालायला जातो. या वेळी रीजंट्स कनालच्या काठाने जायचं ठरलंय, लिटल व्हेनिसपासून कॅमडन लॉकपर्यंत, म्हणजे साधारण अडीच मैल. मुलं ६ ते १३ वयाची, सोबत तीन आज्ज्या आणि एक आजोबा. नुसतं चला चला म्हटलं की अर्ध्या तासात "अजून किती राहिलंय" सुरू होतं, म्हणून ट्रेझर हंट.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही तयार हंटचं पाकीट विकत घेतलं होतं. त्यातली निम्मी कोडी दुकानांच्या पाट्यांवर, आणि त्यातल्या तीन पाट्या तिथे नव्हत्याच, दुकानं बदललेली. मुलं एकाच चौकात वीस मिनिटं गोल गोल फिरली, मग मोठ्यांनी फोन काढले, मग मुलांनीही काढले आणि खेळ तिथेच संपला. मला फार वाईट वाटलं होतं. म्हणून यंदा सगळी कोडी मीच बनवणार आहे, मराठीत, आणि अट एकच, की उत्तर फोनमध्ये सापडता कामा नये, तिथे जाऊन डोळ्यांनी बघून किंवा हात लावूनच मिळालं पाहिजे. दोनशे वर्षं जुना कालवा आहे, त्याच्या अंगावरच इतकं काही लिहिलेलं असणार. तुमच्यापैकी कोण चाललंय तिथे? काय काय दिसतं ते सांगा प्लीज.

पायपीट | ४ मे, रात्री ११:४५

अरे वा, माझा आवडता विषय. मी लिटल व्हेनिसपासून थेट लाइमहाउसपर्यंत, म्हणजे पूर्ण साडेआठ मैलांच्या वर, तीन-चार वेळा चाललोय. तुमचा टप्पा कालव्याचा सगळ्यात जुना भाग आहे, पॅडिंग्टन ते कॅमडन १८१६ मध्ये सुरू झाला आणि पुढे थेम्स नदीपर्यंतचा १८२० मध्ये. आर्किटेक्ट जॉन नॅश यात होता, त्याचा सहकारी जेम्स मॉर्गन इंजिनियर होता, आणि रीजंट म्हणजे तेव्हाचा युवराज, पुढे चौथा जॉर्ज झाला तो.

पहिली गोष्ट म्हणजे हा रस्ता फिरायला बांधलेला नाही. टो-पाथ म्हणजे घोड्याची वाट. घोडा काठावरून चालायचा, त्याच्या मागे लांब दोर आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला मालाने भरलेली बोट. रस्त्यावर गाडीला जुंपलेला घोडा टन-दोन टन ओढेल, तोच घोडा शांत पाण्यावर तीसेक टनांची बोट ओढून न्यायचा. कोळसा, लाकूड, विटा, बर्फ, सगळं असं आलं लंडनमध्ये. हे मुलांना आधी सांगून ठेवा, मग त्यांना घोड्याच्या खुणा शोधायला लावा. तोच तुमचा खजिना.

आणि सगळ्यात भारी खूण मॅकल्सफील्ड ब्रिजखाली आहे, प्राणी संग्रहालयाच्या थोडं अलीकडे. लोखंडी खांबांवर उभ्या गोल पन्हाळी आहेत त्या डिझाइनच्या, त्या सोडून द्या. त्यांना आडव्या कापत गेलेल्या खोल खाचा बघा, हाताचं बोट आत जातं इतक्या. त्या दोराने पडल्यात. आता कोडं असं, की खाचा खांबाच्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि त्यातली एक बाजू अशी की तिथे दोर पोचूच शकत नाही. का? उत्तर उद्या लिहितो, आधी कोणी ओळखतं का बघू.

निळीशाई | ५ मे, सकाळी ७:३०

पायपीट, रात्रभर झोप नाही लागली तुमच्या कोड्यामुळे. खांब फिरवलेत का??

बाकी पाऊसवेडी, कोडी मराठीत करणार आहेस हे वाचून इतका आनंद झाला. खांबांसाठी हे चालेल का बघ,

लोखंडाचा खांब, अंगावर रेघा,
ना सुरी ना करवत, कुणी केल्या सांगा?

पायपीट | ५ मे, सकाळी ९:०५

निळीशाई, एकदम बरोबर! २ ऑक्टोबर १८७४, पहाटे पाचच्या सुमाराची गोष्ट. वाफेच्या टगच्या मागे बांधलेल्या बोटींची माळ चालली होती, त्यातली एक 'टिलबरी'. तिच्यात साखर, कॉफी वगैरेसोबत पेट्रोलियम आणि पाच टन बंदुकीची दारू होती. बरोब्बर या पुलाखाली तिचा स्फोट झाला. बोटीवरची तिन्ही माणसं गेली, पूल कोसळला, आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या. पण खांब बिडाचे, कोलब्रुकडेल गावच्या कारखान्यात ओतलेले, ते शाबूत राहिले. नवा पूल बांधताना तेच खांब परत उभे केले, फक्त फिरवून, म्हणजे दोराला न झिजलेली बाजू मिळाली. मग तीही झिजली. म्हणून एका बाजूला स्फोटाच्या आधीच्या खाचा आणि दुसऱ्या बाजूला नंतरच्या. लोक अजून त्याला ब्लो-अप ब्रिज म्हणतात. खांबांच्या माथ्यावर कोलब्रुकडेल हे नाव ओतलेलं आहे, ज्या मुलांना वाचता येतं त्यांना ते शोधायला सांगा.

चिऊचीआई | ५ मे, दुपारी १:१५

छान चाललाय धागा पण मला थोडं काळजीचं बोलू द्या. माझी मुलगी पाच वर्षांची असताना याच काठावर एका पुलाखाली सायकल तिला घासून गेली. वाट पुलाखाली एकदम अरुंद होते, वळण असतं, समोरून काही दिसत नाही, आणि सायकलवाले घंटी वाजवतात पण ती ऐकू येईपर्यंत ते आलेले असतात. कठडा नाहीच, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला थेट पाणी. तिला काही लागलं नाही, पण माझे हातपाय पुढे तासभर थरथरत होते. आणि तुम्ही नेमकं पुलाखालीच वीस मुलांना थांबवून खांब बघायला सांगताय. कृपा करून याचा विचार करा.

पाऊसवेडी | ५ मे, दुपारी ४:५०

चिऊचीआई, बरं झालं लिहिलंस, माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी आता असं ठरवतेय की रविवारी सकाळी आठला निघायचं, तेव्हा सायकली कमी असतात. मुलांचे चार गट, एका वेळी एकच गट पुलाखाली जाईल, बाकीचे अलीकडे रुंद जागेत थांबतील. पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक मोठं माणूस, पिवळं जॅकेट घालून. आणि वेळेची शर्यत अजिबात नाही, कोण आधी पोचलं याला मार्क नाहीत, म्हणजे कोणी पळणार नाही. ठीक वाटतंय का?

चिऊचीआई | ५ मे, संध्या. ५:१०

हो, शर्यत काढलीस हे सगळ्यात चांगलं केलंस. आता मीही मुलीला घेऊन येते, चालेल ना?

जुनीखोड | ५ मे, रात्री ९:३०

माझी भर. मी विजेच्या क्षेत्रात आयुष्य काढलं म्हणून मला या वाटेवरची वेगळीच गोष्ट आवडते. चालताना पायाखाली सिमेंटच्या लाद्या लागतील, ओळीने बसवलेल्या. बहुतेक लोक त्यावरून चालून जातात आणि त्यांना कळतही नाही की खाली ४०० किलोव्होल्टच्या केबल आहेत. सेंट जॉन्स वुडपासून सिटी रोडपर्यंत १९७९ साली टाकल्या. एवढ्या मोठ्या केबल तापतात, त्यांना थंड ठेवायला कालव्याचंच पाणी फिरवलं जातं. म्हणजे जी वाट घोड्याने माल वाहायला होती तिच्यावरून आज वीज जाते, आणि पाणी तेव्हाही कामाला होतं, आजही आहे. मोठ्या मुलांना विचारा, या लाद्यांखाली काय असेल. तेरा वर्षांचा मुलगा हे ऐकून तिथेच खाली बसून कान लावेल बघा.

दुसरं, लिटल व्हेनिसपासून कॅमडनपर्यंत एकही लॉक (बोट वर-खाली करायचा दारांचा कप्पा) नाही, सगळं एका पातळीत. कॅमडनला आलात की एकदम तीन लॉक पाठोपाठ, आणि तिथून पुढे लाइमहाउसपर्यंत कालवा पायऱ्या उतरत जातो. एकूण बारा लॉक, उतार ८६ फुटांचा. पहिलं, हॅम्पस्टेड रोड लॉक, बघायलाच हवं कारण तिथे अजून जुन्यासारखे शेजारी शेजारी दोन कप्पे आहेत आणि दोन्ही हाताने चालतात. बाकीच्या लॉकांचा दुसरा कप्पा बंद करून तिथून आता जादा पाणी सांडतं.

लॉक कसं चालतं हे मुलांना समजावणं सोपं आहे. बोट कप्प्यात घ्यायची, मागची दारं लावायची, मग दारातली छोटी झडप उघडायची. पाणी आत येतं किंवा बाहेर जातं, बोट आपोआप वर किंवा खाली. पंप नाही, इंजिन नाही. दारं मिटली की वरच्या पाण्याकडे टोक करून उभी राहतात, त्यामुळे पाण्याचा दाब जितका जास्त तितकी ती घट्ट बसतात. दाराला जो लांबलचक लाकडी दांडा असतो त्याला पाठ लावून ढकलायचं. कोणी बोट घेऊन आलं असेल तर विचारा, बोटवाले मुलांना खुशीने हात लावू देतात, माझ्या नातवाला दिला होता.

निळीशाई | ५ मे, रात्री ११:००

जुनीखोड काका, किती सोपं करून सांगितलंत. लगेच सुचलं,

नावात माझ्या कुलूप, पण चोराची ना भीती,
पाणी घेतो ओंजळीत, सांगा दारं किती?

पायपीट | ६ मे, सकाळी ८:१५

क्या बात है. अजून दोन जागा सांगतो आणि एक अडचण.

अडचण आधी. सुरुवातीलाच मेडा हिलचा बोगदा लागतो, अडीचशे मीटरचा, त्याच्या आतून टो-पाथ नाही. तुम्हाला वरच्या रस्त्याने एजवेअर रोड ओलांडून पुन्हा पायऱ्या उतरून खाली यावं लागेल, आज्ज्यांना आणि बाबागाडीवाल्यांना आधी सांगून ठेवा. पण हीच जागा छान आहे विचार करायला, कारण मग घोडा काय करायचा? घोडा सोडून वरून न्यायचे, आणि बोट आत कशी जायची तर माणसं बोटीवर आडवी झोपून भिंतीला पाय लावायची आणि भिंतीवरून चालल्यासारखं करत बोट पुढे ढकलायची. काळोखात. पुढे इस्लिंग्टनचा बोगदा तर याच्या साडेतीन पट लांब, तिथे १८२६ पासून वाफेचा टग लावला. मुलांना गवतावर पाठीवर झोपवून हवेत पाय मारायला लावा, हा माझ्या मते सगळ्यात मजेचा टप्पा होईल.

एक जागा कॅमडनच्या लॉकवरचा लोखंडी पादचारी पूल. घोड्याला काठ बदलायचा असला की तो या पुलावरून पलीकडे जायचा. त्याच्या कठड्यालाही दोराने खाचा आहेत. आणि चढावर मध्ये मध्ये उंच केलेल्या पट्ट्या दिसतील, ओल्यात खूर घसरू नये म्हणून. दुसरी जागा कॅमडनच्या पुढे, किंग्ज क्रॉसकडे जाताना. काठावरून एक उतार थेट पाण्यात गेलेला दिसतो. शेजारून रेल्वे आली तशी इंजिनांच्या आवाजाने घोडे बिथरून पाण्यात पडायला लागले. काठ उभा, घोड्याला वर काढणार कसं? म्हणून हे उतार. घोडा पोहवत आणायचा आणि चालवत वर काढायचा.

निळीशाई | ६ मे, सकाळी ८:४०

पाण्यातून वर येते, कुठेच नाही जात,
शिट्टीला जो भ्यायला, त्याला देते हात.

(घोड्याचं वाचून डोळ्यात पाणी आलं खरंच. कोणीतरी त्या मुक्या जनावराचा विचार केला.)

मोटनाडा | ६ मे, रात्री ८:००

मी लंडन पाहिलं नाही, बहुधा पाहणारही नाही, पण हा धागा दोन दिवस वाचतोय. साताऱ्याकडचा आहे. पायपीट यांनी खाचांचं लिहिलं तेव्हा मला आमच्या मळ्यातली विहीर आठवली. मोट, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची पिशवी, चालायची तोवर मी पोरगा होतो. बैल ज्या उतारावरून मागेपुढे जायचे त्याला आम्ही धाव म्हणतो. तुमचा टो-पाथ म्हणजे घोड्याची धावच की, फक्त मैलोन् मैल लांब आणि सपाट. मोटेचा नाडा आणि सोल, म्हणजे तिचे दोर, जिथे जिथे घासायचे तिथल्या दगडाला अशाच खाचा पडायच्या. आमच्याकडे लिंब गावची बारा मोटांची विहीर बघायला लोक लांबून येतात, शाहू महाराजांच्या काळातली, एका वेळी बारा मोटा चालतील अशी बांधलेली. लोक तिथे वरचा महाल आणि शिल्पं बघतात, मी दगडाच्या कडा बघतो.

दोर मऊ आणि लोखंड कडक, मग दोराने लोखंड कसं कापलं हे मुलं विचारतील. त्यांना सांगा की दोर एकटा कापत नाही. ओला दोर जमिनीवर लोळतो, त्याला बारीक वाळू चिकटते, आणि मग तो कानसेसारखा होतो. आमचा नाडासुद्धा तसाच.

पाऊसवेडी | ६ मे, रात्री ९:२५

मोटनाडा काका, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती सध्या माझ्याकडे आली आहे, वाईजवळच्या गावातली, सत्तरी ओलांडलेली. "धाव" शब्द ऐकला आणि ती एकदम बोलायलाच लागली. मला हा शब्दच माहीत नव्हता, आईने कधी सांगितला नाही आणि मी विचारलाही नाही. हंटच्या कागदावर टो-पाथऐवजी मी आता "घोड्याची धाव" असंच छापणार.

चेन्नईवासी | ६ मे, रात्री १०:१०

थोडं अवांतर. आपल्याकडेही बोटी ओढायचे कालवे होते, आमच्या चेन्नईतून बकिंगहॅम कनाल जातो, आंध्रच्या किनाऱ्यापासून खाली तामिळनाडूपर्यंत. १८७७-७८ च्या दुष्काळात लोकांना काम द्यायचं म्हणून त्याचे तुकडे जोडले आणि तेव्हाच्या गव्हर्नरचं नाव दिलं. तिथे घोडे नव्हते, काठावरून माणसंच दोर ओढायची. आज शहरातल्या भागात त्यात सांडपाणी आहे, वरून रेल्वेचे खांब गेलेत, काठ चालायलाही उरला नाही. तुमचा फोटो बघून बरं वाटेल, टाका नक्की.

बर्मिंगहॅमकर | ७ मे, सकाळी ७:५०

वाचतोय. आमच्याकडे गॅस स्ट्रीट बेसिनपासून फार्मर्स ब्रिजचे तेरा लॉक एकापाठोपाठ उतरतात, असाच हंट इकडे करता येईल. पाऊसवेडी, झाला की सविस्तर लिही, आम्ही कॉपी मारू.

पायपीट | ७ मे, दुपारी १२:३०

बक्षीस काय ठेवलंय? शेवटी पेटीत चॉकलेट वगैरे असेल तर ठीक, पण मोठ्या मुलांना किंग्ज क्रॉसपर्यंत नेता आलं तर तिथल्या कनाल म्युझियममध्ये न्या. ती इमारत म्हणजे कार्लो गाती नावाच्या आइस्क्रीमवाल्याचं बर्फाचं गोदाम. फ्रिज नव्हते तेव्हा नॉर्वेतून जहाजाने बर्फ लाइमहाउसला यायचा आणि तिथून याच कालव्याने बोटीतून इथे, आणि जमिनीत खोदलेल्या प्रचंड विहिरीत साठवायचे. ती विहीर अजून आहे, वरून वाकून बघता येते. त्यानंतर मुलांना आइस्क्रीम द्या, त्याची चव वेगळी लागेल.

आणि आज्ज्यांपैकी कोणाला इच्छा असेल तर प्रिमरोज हिलच्या पलीकडे १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकत असताना त्या घरात राहायचे, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घेतलं. कालव्यापासून चालत पंधरा-वीस मिनिटं. तेव्हा या पाण्यावरून बोटी चालूच होत्या, घोड्यांनी माल ओढणं तर १९५६ पर्यंत सुरू होतं. बाबासाहेब इथून कधी गेले असतील का हे मला सांगता येणार नाही, पण मी स्वतः दर वेळी तो वळसा घेतो.

पाऊसवेडी | २२ जून, रात्री ९:४०

झाला आमचा हंट! उशिरा लिहितेय, माफ करा, फोटो निवडण्यात वेळ गेला.

सोळा मुलं, बारा मोठे. सकाळी आठला निघालो, ढगाळ होतं पण पाऊस नाही. पहिलं कोडं सोपं ठेवलं होतं, लिटल व्हेनिसच्या बोटींवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले मोजायचे, बोटवाल्यांची ही परंपराच आहे. एका बाईंनी मुलांना तिची रंगवलेली पाण्याची झारी हातात दिली. बोगद्यावरच्या गवतात सगळी मुलं पाठीवर झोपून पाय मारत होती आणि त्यांच्यासोबत दोन बाबाही. लाद्यांना कान लावणारं मूल तेरा वर्षांचं नव्हतं, सात वर्षांचं होतं, जुनीखोड काकांना सांगते.

मॅकल्सफील्ड ब्रिजला ठरल्याप्रमाणे एकेक गट सोडला. पहिल्या तीन गटांनी रेघा शोधल्या, मोजल्या, पण कुणी केल्या हे येईना. कोणी म्हणे चाकू, कोणी म्हणे बोट आपटली, एक म्हणाला ड्रॅगन. चौथ्या गटासोबत आई होती. तिने कोणाला काही सांगितलं नाही. काठी भिंतीला टेकवली, खांबाजवळ गेली आणि एका खाचेत तर्जनी घातली. मग दुसऱ्या खाचेत. बोट आडवं फिरवत राहिली. मग मराठीतच म्हणाली, "हे नाड्याचं आहे. इथून जनावर असं वळलं असणार," आणि हाताने दाखवलं कुठून कुठे. माझा भाचा तिच्याकडे बघतच राहिला. "आजी, तुला कसं माहीत, तू इथे आली होतीस?" त्यावर ती म्हणाली, "इथे नाही रे, आमच्या विहिरीवर."

मग तिथेच, पलीकडच्या रुंद जागेत, अर्धा तास कोडी बाजूला. सगळे गट गोळा झाले आणि ती मोट सांगत बसली. पाणी वर येताना चामड्याचा आवाज कसा यायचा, बैल मागे सरताना माणूस काय म्हणायचा, पहाटे थंडीत नाडा किती गार असायचा. मुलांना अर्धे शब्द कळत नव्हते आणि तरी एकही उठलं नाही. चिऊचीआईंची मुलगी मांडीवर जाऊन बसली होती. माझी आई लंडनमध्ये आल्यापासून एवढं बोललेली मी ऐकली नव्हती, इथे तिला सतत वाटतं की आपल्याला इथलं काही कळत नाही.

कॅमडनला एक जोडपं बोट घेऊन लॉकमध्ये उतरत होतं, मुलांनी दांडा ढकलला, आठ जण एका दाराला. पुढे पाच मोठी मुलं पायपीट यांच्या सांगण्याप्रमाणे बर्फाच्या विहिरीपर्यंत गेली.

मोटनाडा काका, आईने तुम्हाला विचारायला सांगितलंय, तुमच्या मळ्यातली विहीर अजून आहे का आणि धावेवर आता काय आहे.

मोटनाडा | २३ जून, सकाळी ६:१०

आईंना नमस्कार सांगा. विहीर आहे, पाणीही आहे, वर मोटर बसवली. धावेची जागा तशीच ठेवली आहे, त्यावर भावाने पेरू लावलेत. आज तिकडे जाणारच आहे, कडेच्या दगडाचा फोटो काढून इथे टाकतो.